हातावरचं प्रेशर

शनिवारी दुपारी आम्ही दोघं उंबऱ्याशी बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होतो. शालिनी म्हणाली, "अहो, सोलताय की खाताय?" मी म्हटलं, "दोन्ही चाललंय." ती हसली आणि तिला खोकला आला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

आजार दोन महिन्यांपूर्वी कळला होता. जिना चढताना तिला दम लागायचा, एकदा नळावर चक्कर येऊन पडली. परळच्या इस्पितळात इको काढला. इको म्हणजे छातीवर यंत्र फिरवून हृदय चालताना बघतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, एओर्टिक स्टेनोसिस आहे." म्हणजे हृदयातून रक्त बाहेर पडायची झडप कडक होऊन अरुंद झालेली.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. डावा कप्पा रक्ताने भरतो, मग आवळतो. आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा वाढलं की झडप उघडते, रक्त अंगात जातं. हिची झडप उघडायचीच कमी, म्हणून कप्प्याला जादा जोर काढावा लागे. "हातावर एकशे वीस दिसतं तेव्हा हिच्या हृदयात दोनशे असतं," बाई म्हणाल्या. असा कप्पा दमतो, पुरता रिकामा होत नाही. मग मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साचतं. झडप बदलायची ठरली. नंबर लागेपर्यंत रोज लघवीची गोळी, पाणी निघून जायला.

मी गिरणीत बॉयलरवर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण प्रेशर मला कोणी शिकवू नये असा माझा तोरा. घरी मशीन आणलं. रोज सकाळी तिच्या दंडाला पट्टा बांधून आकडा बघायचो.

गोळी घेतली की तिला आठ-दहा वेळा जावं लागे. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. रविवारी शेजारी सत्यनारायण होता, शनिवारपासूनच पाहुणे, गॅलरीभर चपला. ती म्हणाली, "बादली घेऊन लोकांपुढून किती फेऱ्या मारू? लाज वाटते ओ." मी पट्टा बांधला. एकशे अठरा. म्हटलं, "प्रेशर एकदम बरोबर आहे. पाहुणे जाईपर्यंत राहू दे गोळी."

वाफेची चावी अर्धी बंद असताना बॉयलरचं प्रेशर कोणी लांबच्या पाइपावर बघतो का? मी बघितलं. जन्मभर बॉयलरवर काढून.

शनिवार, रविवार, सोमवार; पाहुणे हलले नव्हते. सोमवारी दुपारी तिला आडवं पडवेना. खिडकीचे गज धरून बसली. तोंडाला गुलाबी फेस आला. मुलगी, वैशाली, प्रभादेवीला राहते, ती धावत आली. टॅक्सीतून नेलं. डॉक्टरने पहिलंच विचारलं, "लघवीची गोळी रोज चालू होती ना?"

वैशाली माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "होय. रोज."

दिवेलागणीला शालिनी गेली.

वैशाली माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तुम्ही काही कमी नाही केलंत." सगळी चाळ तेच म्हणाली. मी ऐकून घेतलं.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगतो. हातावरच्या आकड्यावर जाऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. लाज वाटत असेल तर खोलीतच पडदा लावून भांडं ठेवा. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. आणि डॉक्टर विचारेल ते खरं सांगा. खरं सांगून ती वाचली असती का, मला माहीत नाही. आता कळणारही नाही.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून चहा आला. वैशालीला समोर बसवलं. म्हटलं, "तीन दिवस गोळी दिली नव्हती. मीच नको म्हटलं. डॉक्टरला खोटं सांगितलं."

तिने कप खाली ठेवला. मग विचारलं, "आईने मागितली होती?"

"सोमवारी सकाळी मागितली होती," मी म्हटलं. "तेव्हाही मी नको म्हटलं."

ती उठून गॅलरीत गेली. मी हाक मारली नाही.