हदगावचं पाणी

"तिरपं कापा, तिरपं. सरळ कापलं की देठ बुडाला टेकतंय अन् पाण्यात राहून उपाशी मरतंय बिचारं."

असं म्हणत भाऊसाहेब खिशातून कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं काढायचे. फूल कुणाचंही असो, देठ त्यांनीच कापायचा.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत ते कारकून होते. जिल्हा नवा, पाट्या नव्या, खुर्च्या नव्या. पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. लातुरात त्यांची आणि माझी खोली शेजारी, मधे एक पातळ भिंत. मी पाण्यासाठी मोर्चे काढायचो, पत्रकं लिहायचो. ते मला "काम्रेड" म्हणून चिडवायचे. मी त्यांना भाऊसाहेब म्हणायचो.

त्यांची बायको हदगावला झेडपीच्या शाळेत मास्तरीण. तो जिल्हा नांदेड, हा लातूर. तिच्या बदलीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर धूळ खात पडलेला. सरकार एकच, नोकर दोघंही त्याचेच, आणि त्याला नवरा-बायको एका गावात ठेवता येत नाहीत! मी म्हटलं, यावर पत्रकच काढतो.

"नका. तिनं वाचलं तर तिला वाटंल, मी इथं रडून राहिलो."

दुष्काळ बघायला पाहुणे यायचे. असे दौरे तुम्हीही पाहिले असतील. भेगा पडलेल्या रानाकडं जायच्या आधी विश्रामगृहावर गुच्छ. पाहुणा एका हातानं घेणार, दुसऱ्या हातानं मागच्याला देणार, मागचा व्हरांड्यात टाकणार. तहानलेल्या गावात निशिगंधाचा ढीग! मी पत्रकात लिहिलं, "यांच्या गळ्यात हार, आमच्या घागरीत गाळ." भाऊसाहेबांनी ते नीट वाचलं.

"भारी हाय. पण हार न्हाई, गुच्छ लिवा. हाराच्या फुलाला देठच नसतंय, त्याला वाचवता येत न्हाई."

व्हरांड्यातले गुच्छ ते घरी आणायचे. चमकीचा कागद सोडायचा, पाण्यात बुडतील तेवढी पानं खुडायची, देठ कापायचे आणि काचेची बरणी माठाच्या आडोशाला ठेवायची. पाणी रोज बदलायचं म्हणजे बदलायचंच. "शिळ्या पाण्यात फूल नांदत न्हाई," म्हणायचे. काढलेल्या पाण्यानं हातपाय धुवायचे.

एकदा मी भडकलो. "भाऊसाहेब, बाया टँकरमागं पळतायत, आणि तुम्ही फुलांना पाजताय?"

"माझ्या वाटणीचं पाजतो की. अंघोळ सोडली एक दिसाआड. आता काय श्वास सोडू?"

मग बरणीकडं बघून म्हणाले, "अजून एक दिस निघतोय."

फुलं टिकवायची ती रविवारपर्यंत. कारण मास्तरणीनं कळवलं होतं, एकदा येऊन बघते. राहण्यासारखं असलं तर बिनपगारी रजा टाकून येते. पण शनिवारी एसटीचा कंडक्टर निरोप आणायचा, "या ऐतवारी न्हाई जमत बाईला." सोमवारी उकिरड्यावर फुलं दिसायची. देठ तिरपे.

अखेर ती आली. उन्हानं लाल झालेली, हातात प्लास्टिकचा कॅन. हदगावच्या त्यांच्या आडाचं पाणी. इथलं मचूळ पाणी नवऱ्याला सोसत नाही, हे तिला ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी कॅन आत नेला आणि मला हाक मारली, "काम्रेड, या की चहाला!"

मी गेलो तर तिनं स्टोव्ह पेटवलेला. कॅन उचलून ती थबकली.

"ह्यो हलका कसा झाला?"

भाऊसाहेबांनी हसून बरणीकडं हात केला. टँकर दोन दिवस आला नव्हता, फुलांनी माना टाकल्या होत्या, आणि त्यांनी तिचं पाणी काठोकाठ भरलं होतं. "तू बघायच्या आत टवटवीत व्हावीत म्हणून..."

"मांडीवर धरून आणलंय ओ मी ते."

तिनं कॅनमधलं पाणी चहाला ठेवलं. आधण उकळत राहिलं.

"लई झ्याक दिसतेत फुलं," ती हळूच म्हणाली. "पण मी इथं नांदायचं कसं, सांगा बरं?"

दुपारच्या गाडीनं ती परत गेली. जाताना उरलेलं पाणी गाळून माठात ओतून गेली.

त्या बरणीतलं पाणी त्यांनी बदललं नाही. टँकर आला, घागरी भरल्या, तरी नाही. पाकळ्या तपकिरी झाल्या, देठ बुळबुळीत झाले, भिंतीपलीकडं मलाही वास यायला लागला.

"भाऊसाहेब, पाणी बदला की."

"राहू द्या. हदगावचं हाय ते."

तिची बदली काही झाली नाही. मी सरकारवर आणखी एक पत्रक काढलं. त्यानं काय होणार होतं! पुढं भाऊसाहेबांनीच अहमदपूरला बदली मागून घेतली. नकाशात अहमदपूर नांदेडच्या वाटेवर आहे. "तेवढंच जवळ," म्हणाले, आणि वळकटी घेऊन गेले.

खोली झाडायला मी गेलो. कोनाड्यात बरणी होती. पाणी आपोआप आटून गेलं होतं. तळाशी वाळके देठ, आणि काचेला आतून एक हिरवट कडं, जिथवर हदगावचं पाणी होतं तिथवर.