बारवेसाठी हळदीचे अंगठे

दुसऱ्याला विचारल्याशिवाय शिंकणारसुद्धा नाही असा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो. हिंगोलीच्या बाजारात एका अडत्याकडं ते हळद तोलायचे. जन्मभर हळद तोलून त्यांचे हात, धोतराचा काठ, कानामागं खोचलेली पेन्सिल, सगळं पिवळं पडलं होतं. लग्नाच्या मांडवातून पळून आलेला नवरदेव म्हातारा व्हावा, तसे ते दिसायचे.

डोकं करायला बसले की न्हावी वस्तरा हातात धरून थांबलेला आणि हे वाटेनं जाणाऱ्याला विचारतायत, 'शेंडी किती ठेवू हो?' घरी पाहुणा आला तर वरण की पिठलं यावर ओसरीत मतं घ्यायचे, आणि तोवर मेव्हणीनं दोन्ही करून ठेवलेलं असायचं. मुलीचं नाव ठेवायचं तर त्यांनी सगळ्या गल्लीला विचारलं. एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं त्यात खोट काढली, बारसं पुढं गेलं ते गेलंच. शेवटी पोरगी 'अगं ए'ला ओ द्यायला लागली तेव्हा मेव्हणीनंच पाळण्यापाशी उभं राहून एक नाव सांगून टाकलं. दाजी हिरमुसले. 'अजून कुंभारवाड्यात विचारायचं राहिलं होतं,' म्हणाले. मी एकदा वैतागून म्हटलं, 'दाजी, तुमचं स्वतःचं काही मत असतं की न्हाई?' तर म्हणाले, 'आपल्याला काय वाटतं ते आपल्याला ठावंच असतंय, साडूभाऊ. दुसऱ्याचं इचाराव लागतंय.'

मी त्या वेळी तहसिलीत अहलकार होतो, म्हणजे कारकून. दफ्तराचा सगळा कारभार उर्दूत, आणि लोक बोलायचे मराठी. दोन्हींच्या मधे मी बसलेलो. हे लक्षात असू द्यावं, कारण पुढं जे सांगायचंय ते तिथंच घडलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेलं लेव्हीचं धान्य ठेवायला जागा पुरत नव्हती. वेशीबाहेर गावाचं जुनं पटांगण होतं. दसऱ्याचं सोनं तिथं लुटायचं, आठवड्याचा बाजार तिथं भरायचा, आणि मधोमध चिरेबंदी बारव, चारी अंगांनी पायऱ्या उतरत गेलेली. कुणी बांधली ते कुणालाच माहीत नव्हतं. भोवती दहा-बारा मोठे कडुलिंब. बारव बुजवायची, लिंब तोडायचे आणि तिथं गोदाम बांधायचं, असं वरून आलं. रिवाजाप्रमाणं दवंडी फिरली: ज्या कुणाला काही उज्र, म्हणजे हरकत असेल, त्यानं आठ दिवसांत तहसिलीत कळवावं. अशा दवंड्या नेहमीच फिरायच्या. लोक ऐकायचे आणि आपली लाकडं फोडत राहायचे. उज्र घेऊन कधी कुणी आलं नव्हतं, आणि कुणी यावं अशी दफ्तराची अपेक्षाही नव्हती.

दाजी मात्र लग्नाची अक्षत आल्यासारखे उभे राहिले. 'सरकारनं इचारलंय!'

'अवो, ते तसंच म्हणत असतेत,' मेव्हणी म्हणाली.

'म्हणलेत ना? मंग सांगाव लागंल.'

आठ दिवस दाजी लिंबाखाली बसले. हळद बांधायच्या जाड कागदाचे तुकडे कापून आणले होते. एका माणसाला एक कागद. तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली त्याचा अंगठा. शाई परवडणारी नव्हती, म्हणून हळद पाण्यात कालवून वाटीत ठेवलेली. लोक चेष्टा करायचे. 'दाजी, हळद लावताय, मंग नवरी कुटं हाय?' हे हसायचे आणि तेही लिहून घेतील की काय असं वाटायचं. एक म्हातारी म्हणाली, 'बुजवा की बारव. पण माझी सून खाली उतरल्यावर बुजवा.' लिहिलं. तिची सून म्हणाली, 'आमी बाया कुटं बोलाव? घरात न्हाई, दारात न्हाई. पायऱ्यावर बोलतो. ती बुजवली तर घरात बोलू, मंग पाहा काय व्हतंय.' तेही लिहिलं. टांगेवाला म्हणाला, 'मेरेकू क्या पूछते, घोडेकू पूछो. पानी वो पीता.' दाजी खरंच घोड्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि एका कागदावर लिहिलं: 'टांग्याचा घोडा. राहू द्या म्हणतो.' त्यांच्या अडत्याला गोदाम हवंच होतं. त्याचं मतही त्यांनी घेतलं, आणि सगळ्यांत वळणदार अक्षरात लिहिलं. उगाच अन्याय व्हायला नको.

आठव्या दिवशी दुपारी ते गठ्ठा घेऊन दफ्तरात आले. मला म्हणाले, 'साडूभाऊ, तुमचं तेवढं राहिलं. तुमाला काय वाटतंय?'

उन्हाळा होता. डोकं दुखत होतं. मी म्हटलं, 'उद्या सांगतो. ठेवा तिथं.' त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, काहीतरी टिपलं आणि गठ्ठा ठेवून गेले.

तहसीलदारांनी गठ्ठा पाहिला आणि संध्याकाळपर्यंत उर्दूत गोषवारा करून आण म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागद जिल्ह्याला जायचे होते. मी गठ्ठा सोडला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. सासू, सून, घोडा. हे सगळं उर्दूत कसं लिहायचं? मग दौतीत टाक बुडवला आणि एक ओळ लिहिली: रिआया को कोई उज्र नहीं, म्हणजे रयतेची काही हरकत नाही. तहसीलदारांची सही घेतली. गठ्ठा पिशवीत घातला आणि घरी येऊन ट्रंकेत तळाशी टाकला.

नंतर बायकोला मी सांगितलं की ते दिवस वाईट होते, एवढे अंगठे एका जागी म्हणजे चळवळ समजली असती, दाजी आत गेले असते, मी त्यांना वाचवलं. ऐकायला बरं वाटायचं. पुढं पुढं मलाही ते खरं वाटू लागलं. आता या वयात लिहून टाकतो: तसं काही नव्हतं. मला कंटाळा आला होता.

लिंब पडले. बारवेत मुरूम भरायला तीन आठवडे लागले. लोक दाजींना टोमणे मारायचे, 'काय दाजी, घोड्याचं ऐकलं न्हाई वाटतं सरकारनं!' आणि दाजी सरकारची बाजू घ्यायचे. 'समद्यांचं ऐकलं, मंग ठरवलं. त्याहिला आपल्याहून जास्त दिसत आसंल. इचारलं हेच लई झालं.' एकदा मात्र गोदामाच्या भिंतीपाशी उभे असताना त्यांनी मला हळूच विचारलं, 'समदे कागद वाचले ना पर त्याहिनं?'

'व्हय,' मी म्हटलं. 'एकेक वाचला.'

'मंग झालं,' म्हणाले, आणि पिवळ्या हातानं भिंत एकदा चाचपून बाजाराकडं निघाले.

निजामाचं राज्य गेलं त्या थंडीत ते पुन्हा उत्साहात आले. 'आता नवं सरकार इचारंल,' म्हणाले आणि कागद कापून ठेवले. कुणी विचारायला येण्याआधीच ते गेले. किरवंतानं मेव्हणीला विचारलं, दहन कुठं करायचं? तिला काही सुचेना. ती म्हणाली, 'त्याहिलाच इचाराव लागलं असतं.'

मागच्या महिन्यात ट्रंक उघडली. हळदीचा रंग उन्हात उडतो, पण या गठ्ठ्यानं ऊन पाहिलंच नव्हतं. अंगठे तसेच पिवळेजर्द, रेघ न् रेघ मोजता यावी असे. मी पहिल्यांदाच सगळे कागद वाचले. दोन दुपारी लागल्या, जास्त नाही. म्हातारी, तिची सून, घोडा, अडत्या. दाजींचा स्वतःचा कागद कुठं असेल म्हणून शोधत गेलो, तो नव्हताच. सगळ्यांत खाली एक कागद होता, त्यावर अंगठा नव्हता. वर माझं नाव होतं, आणि खाली दाजींच्या अक्षरात एवढंच: 'उद्या सांगतो म्हणाले.'