बेरिलचा उजवा गाल

३ जानेवारी २०२० रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटाच्या पश्चिम भागात आग वाऱ्याबरोबर उसळली, आणि सगळ्या आगी पुरत्या विझेपर्यंत बेटाचा जवळजवळ निम्मा भाग जळून गेला होता. एवढे सरकारदरबारी नोंदलेले आहे. नेरिडा कॉलविलच्या घळीत त्या दिवशी काय घडले, ते पाहायला मात्र तिथे कुणीही उरलेले नव्हते.

नेरिडाने उमेदीची वर्षे लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालण्यात काढली. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर तिने ते काम सोडले, धाकटा भाऊ क्लेम याच्या शेताच्या कडेला असलेल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडले आणि एक जुना कॅमेरा व लांब भिंग विकत घेतले. बेटावरच्या पाखरांची तिची छायाचित्रे दर हिवाळ्यात गावच्या हॉलमध्ये लागत. येणारा प्रत्येकजण घरून ताटभर काहीतरी खायला घेऊन येई, आणि एका हातात सॉसेज रोल धरून माणसे रेन नावाच्या चिमुकल्या निळ्या पक्ष्याच्या चित्रासमोर गप्प उभी राहत. मेंढ्यांच्या भावावर तास तास भांडणारी ती माणसे कुंपणावरच्या मूठभर पाखराकडे असे बघत, जणू ते आजच बेटावर उतरले आहे.

सगळ्यांची लाडकी मात्र बेरिल. शेताखालच्या घळीत सुरूची झाडे होती. काळ्या काकाकुव्यांची एक जोडी रोज सकाळी तिथे येई आणि सुरूची बोंडे डाव्या पंजात धरून शांतपणे फोडत बसे. या जातीचे नर चेहऱ्याने सारखे दिसतात. माद्यांच्या डोक्यावर आणि गालांवर मात्र पिवळ्या पिसांचे ठिपके असतात, आणि कोणत्याही दोन माद्यांचे ठिपके जुळत नाहीत. पहिले छायाचित्र पाहताच क्लेम म्हणाला होता, "ही तर आपली बेरिल मावशी. अंडं खाल्लं आणि तोंड न पुसता आली."

"मेलेल्या माणसाची अशी टर उडवू नये, क्लेम."

"मावशीला आवडलं असतं. तिला कुणी कधी झाडावर बसवलं नव्हतं."

नाव चिकटले. बेरिलची ढोली ज्या निलगिरीत होती, तिच्या बुंध्याला क्लेमने स्वतः पत्र्याचे रुंद कडे ठोकले, पॉसम नावाच्या निशाचर प्राण्याने वर चढून अंडे खाऊ नये म्हणून. वर्षाला एकच अंडे; ते गेले की ते सालही गेले. पिल्लू उडाले त्या वर्षी क्लेमने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली आणि आपण आजोबा झाल्याचे जाहीर केले.

त्या जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, नेरिडा बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या किंग्सकोट गावी निघून गेली आणि क्लेम शेत वाचवायला मागे राहिला. ठरले तसेच होते. आग आली तर कोणी निघायचे आणि कोणी थांबायचे, हे तिकडे प्रत्येक घरात उन्हाळ्याआधीच ठरलेले असते. क्लेम नांगरलेल्या रानात पाण्याच्या टाकीच्या गाडीखाली पडून राहिला म्हणून जगला. घर, गोठे आणि कुंपणे यांची राखरांगोळी झाली. मेंढ्यांपैकी बऱ्याचशा मेल्या होत्या, आणि ज्या मेल्या नव्हत्या त्यांच्यासाठी त्याला बंदूक उचलावी लागली. ते काम त्याने एकट्याने केले. शेजारी मदतीला आले, तेव्हा "माझ्याच आहेत" एवढेच म्हणाला. त्यानंतर नेरिडाने कुठूनतरी मिळवलेल्या कॅरव्हॅनच्या पायरीवर तो बसून राही. चहा थंड होई. विचारले त्याचेच उत्तर देई, तेही अर्धे.

नेरिडा घळीत उतरली ती वाट मोकळी झाल्यावर. सुरूंचे काळे खुंट उरले होते. निलगिरी उभी होती, पण ढोलीच्या जागी आरपार भोक पडले होते आणि पत्र्याचे कडे पिळवटून खाली आले होते. पुढचे महिने ती बेटाच्या न जळलेल्या भागांत फिरली. कोणत्याही सुरूखाली आधी जमिनीकडे बघायचे, ही तिची रीत. काकाकुव्यांनी फोडून टाकलेल्या बोंडांचा ताजा चोथा फिकट असतो, जुना तपकिरी पडतो. चोथा फिकट असला की मान वर करायची. काकाकुवे दिसले, बेरिल दिसली नाही.

मे महिन्यात, तिकडचा शरद सरत आला तेव्हा, हॉल सांभाळणारी रेलीन एक छायाचित्र घेऊन आली. तिच्या भाच्याने उत्तर किनाऱ्यावर टिपले होते. सुरूच्या फांदीवर मादी, पंजात बोंड, गालावर पिवळा शिडकावा.

"बघ आणि बोल," रेलीन म्हणाली. "यंदा हॉलच्या दारातच लावणार मी. मोठ्ठं. 'बेरिल परत आली.' लोकांची घरं गेलीत, नेरिडा. त्यांना हे दे."

क्लेम पायरीवरून उठला. कागद हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तीच आहे," तो म्हणाला. मग आगीनंतर पहिल्यांदाच तो हसला. "अजून तोंड पुसलेलं नाही बयेनं."

नेरिडाने चष्मा लावला. हा उजवा गाल होता.

सूर्य पाठीशी घेऊन उभे राहायचे, ही वडिलांनी खोक्याच्या कॅमेऱ्यावर घोटून घेतलेली शिस्त तिने जन्मभर पाळली होती. सकाळी ती घळीच्या पूर्वेच्या कडेला बसे. बेरिल तिच्या ठरलेल्या फांदीवर दक्षिणेच्या समुद्राकडे तोंड करून बसे. इतक्या वर्षांत नेरिडाने बेरिलचा डावा गाल टिपला होता, सुरेख उजेडात, पुन्हा पुन्हा. दोन्ही गालांचे ठिपके सारखे नसतात. मान वळवल्याचे क्षण आले असतील, पण हललेली चित्रे ती संध्याकाळी पुसून टाकी. चांगली छायाचित्रकार तसेच करते, असा तिचा समज होता. उरलेला, किंग्सकोटला जाताना बरोबर नेलेला सगळा संग्रह तिने त्या आठवड्यात पुन्हा तपासला. डोक्यावरचे ठिपके जुळवावेत, तर भाच्याच्या छायाचित्रात डोके पानांआड गेलेले.

"काय मग?" क्लेमने विचारले. त्याने दाढी केली होती.

"सांगता येत नाही."

"तुला सांगता येत नाही? तू तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस."

"अर्धीच ओळखते."

"मग अर्धं हो म्हण. कोण तपासायला येतंय, नेरी? ती पाखरं तर येणार नाहीत तक्रार करायला."

तिला हो म्हणायचे होते. जीभ तिथवर आलीही होती. पण हो म्हटले, की दुसऱ्या कुठल्यातरी मादीला बेरिल म्हणत घळीतली बेरिल आपण पुसून टाकू, हललेल्या चित्रांसारखी, असे तिला वाटले. हे भावाला कसे सांगावे, ते तिला सुचले नाही. ती म्हणाली, "चल, जाऊन बघू. डावा गाल मिळाला तर मीच दारात खिळा ठोकते."

दोघे उत्तर किनाऱ्यावर गेले, सकाळी आणि दुपारीही. क्लेम सुरूखाली ओणवा होऊन चोथा उचलून बघे आणि बहिणीपुढे तळहात धरी. बहुतेक तपकिरी. एकदा फिकट मिळाला; वर एक नर एकटाच बसला होता. तो दोघांकडे बघून उडाला. गाडीत क्लेम म्हणाला, "मी पत्रा अजून वर ठोकायला हवा होता." पत्र्याने आग अडत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

हिवाळ्यात छायाचित्र हॉलमध्ये लागले, दारात नव्हे, बाजूच्या भिंतीवर. खाली नेरिडाने लिहिले होते: मादी, उत्तर किनारा, उजवी बाजू. लोक ताटे घेऊन आले, थांबले, विचारत राहिले. रेलीनने एकदाच टोमणा मारला, "एवढं खरं बोलून तुला काय मिळालं गं?" आणि नेरिडाच्या ताटात केकचा तुकडा ठेवला. क्लेम आला नव्हता. वसंतात त्याने जमीन शेजाऱ्याला दिली आणि फेरीने मुख्य भूमीवर, ॲडलेडच्या उपनगरात, राहायला गेला. रविवारी फोन करतो. पाखरांचा विषय काढत नाही.

त्या छायाचित्रातली मादी बेरिल होती की नाही, हे अजून कळलेले नाही. घळीतली जोडी आगीआधी उडाली की नाही, याचाही कोणताच पुरावा नाही. आणि नेरिडा त्या दिवशी हो म्हणाली असती तर क्लेम बेटावर राहिला असता का, हे तिने त्याला विचारलेले नाही. त्यानेही सांगितलेले नाही.