सरकी निघालेली गादी

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत शिकूनही जमलं नाही, माफी असावी. पण ही वही माझ्याशिवाय वाचणार तरी कोण?

आज सकाळी पिंजारी अंगणात गादी भरून गेला. रुईची कोरडी धूळ नाकात गेली आणि मला माझं लग्न आठवलं.

त्या साली कापसाला भाव नव्हता. बाबांनी घरच्याच कापसाची सरकी महिनाभर बोटांनी काढली आणि माझी गादी भरली. सासूबाईंनी मांडवातच तिची शिवण उसवली. सरकीचे चार-पाच दाणे खाली पडले, तशा त्या बाबांना म्हणाल्या,

"इवाईबुवा, हे पोरीले झोपाले देली का ढोरायले खाले?"

बाया हसल्या. नव्या गादीचे म्हणून सासूबाईंनी चारशे रुपये मागितले. बाबांनी परतीच्या भाड्यासकट खिसा रिकामा केला. मी दाणे वेचत होते. तेव्हा मला बाबांची लाज वाटली. आज त्यांची फुटलेली नखं दिसतात.

सासूबाई आता बाजेवरच असतात. सुतळी पाठीला रुतते. "गादी टाक न वं," म्हणाल्या.

मी गादी भिंतीला उभी केली. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले, "पह्यले माह्या बाबाचे चारशे द्या, आत्याबाई."

"मरत्या म्हातारीले पैसे मांगतं?"

"मंग झोपा सुतळीवर."

दुपारपर्यंत त्या कण्हत राहिल्या. मी तांदूळ निवडत बसले. मला वाईट वाटलं नाही. शेवटी त्यांनी बटवा सोडला. चारशे पुरे भरले, तेव्हाच मी गादी अंथरली.