साखर फोडणारे आतोबा

जगातल्या यच्चयावत आंबट पदार्थांची माझ्या आतोबांइतकी कदर करणारा माणूस सबंध फरीदाबादेत झाला नाही. ते तिथल्या एका कारखान्यात केमिस्ट होते. बिस्किटवाल्यांना लागणारं साखरेचं सिरप तिथे बनायचं. साखरेच्या पाण्यात जरासं आम्ल घालून तापवलं की साखर फुटते, म्हणजे तिच्या दोन साध्या साखरा होतात, सिरपात खडे धरत नाहीत आणि आम्ल मात्र जसंच्या तसं उरतं. एवढं काम करून स्वतः काहीच न घेणाऱ्या त्या आम्लाबद्दल आतोबा एखाद्या सत्पुरुषाबद्दल बोलावं तसे बोलत. खिशात पेनाऐवजी आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या. जेवताना कढीत आधी पट्टी बुडायची, मग चमचा. माझ्या ताईला बघायला आलेल्या मंडळींसमोर त्यांनी सरबतात पट्टी बुडवली आणि रंग न्याहाळून "बिल्कुल बरोबर!" म्हणाले. मंडळींनी खाली ठेवलेले पेले पुन्हा उचललेच नाहीत.

त्यांचा एक हट्ट होता. लिंबू घ्या, चिंच घ्या, नाहीतर कारखान्यातलं आम्ल घ्या. पाण्यात मोकळा झालेला आंबटपणा सारखा असला की साखर त्याच वेगाने फुटणार. तो कुणाकडून आला हे साखर विचारत नाही. दिवाळीत आम्ही दिल्लीहून त्यांच्याकडे जायचो. आत्या पाकात लिंबू पिळू लागली की मागून आवाज यायचा, "अगं, चिंचेनंही तेच होईल."

"मग चिंचेचे गुलाबजाम तुम्ही एकटेच खा," आत्या म्हणायची. एका वर्षी तिने खरंच वेगळे केले आणि आतोबांनी ते सगळे खाल्ले.

पुढे परदेशी कंपन्या यायला लागल्या. मालकाच्या मुलाने अशाच एका कंपनीशी बोलणी केली. गुडगावला नवा प्लांट निघणार होता आणि तिथला मुख्य केमिस्ट म्हणून आतोबांचं नाव जवळजवळ ठरलं होतं. आत्याने तर तिकडच्या फ्लॅटांचे नकाशेही आणून ठेवले होते. त्या कंपनीचे पाहुणे स्वतःचं खास आम्ल घेऊन आले. त्याने साखर दुप्पट वेगाने फुटते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांपैकी एकाने आतोबांना सहज विचारलं, "बेटर, नो?"

आतोबांनी तीन काचपात्रं मांडली. एकात जुनं आम्ल, दुसऱ्यात परदेशी, तिसऱ्यात लिंबाचा रस. तिन्हींत पट्टीचा रंग एकसारखा येईपर्यंत पाणी घातलं, सारखीच साखर टाकली, सारखंच तापवलं. तासाभराने साखर किती फुटली ते मोजलं, तर तिन्ही आकडे एकच. "तुमचं आम्ल जास्त दाट आहे, एवढंच," त्यांनी अगदी प्रेमाने इंग्रजीत सांगितलं.

करार व्हायचा तो झालाच. गुडगावला दुसराच कुणीतरी गेला. मालकाचा मुलगा म्हणाला, "अंकल, आप थोड़ा चुप नहीं रह सकते थे?" आत्या तर रडलीच. "अहो, हो म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"अगं, त्यांनी मला विचारलं ना," आतोबा एवढंच म्हणाले. निवृत्त होईपर्यंत ते त्याच जुन्या प्रयोगशाळेत जात राहिले.

आता मी गुडगावातच नोकरी करते. मीटिंगमध्ये साहेब एखादी योजना कौतुकाने मांडतात आणि माझ्याकडे बघून विचारतात, "ठीक है ना?" ती ठीक नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. मी मान डोलावते. आतोबा होते तोवर त्यांना हे सांगायचा मला धीर झाला नाही. सांगितलं असतं तरी ते रागावले नसते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.