कंपनीचं नाव न घेता

गारखेड्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहते, त्या काकू मूळच्या पाचोडच्या. शेत तिकडं, बिऱ्हाड इकडं. त्यांच्या ओट्याशेजारी एक जुना रेडिओ आहे आणि त्याचा काटा सरकारी स्टेशनवरून कधी हललेला मी पाहिला नाही. त्याच्या बातम्या ऐकतच मी डबा भरायचे आणि वाळूजच्या कंपनीची बस पकडायला पळायचे.

आमच्या भंडाऱ्याकडच्या गावातही असाच रेडिओ आहे, बाबांचा. गावात कोणी काही सांगितलं की बाबा विचारायचे, "रेडिओवर सांगितलं का?" नसेल सांगितलं, तर ती गोष्ट त्यांच्या लेखी झालेलीच नसायची. मी नववीत नापास झाले आणि शाळा सोडली. पुढं लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा मैत्रिणीबरोबर इकडं कामाला आले. गावात कुजबुज सुरू झाली, पोरगी कंपनीत आहे म्हणे, कोणत्या कंपनीत कोणास ठाऊक. तेव्हापासून बाबा फोनवर येईनात. आई बोलायची. मागून रेडिओचा आवाज यायचा, बाबांचा नाही. असं दीड वर्ष गेलं.

एक दिवस रेडिओवर सांगितलं की महिलांच्या कार्यक्रमासाठी कामगार बायकांनी आपला अनुभव कळवावा. मी बसमध्ये होते तेवढ्यात काकूंनी माझ्या नावानं निरोप पाठवूनही टाकला. आठवड्यानं रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं.

"काकू, मी नववी नापास. तिथं शिकलेली माणसं असतात जी."

"असू दे की. आपला रेडिओ हाय त्यो, कुणाच्या बापाचा नाय. लई भेतीस तू. चल, मी येते संगट."

मनात मी एकच गोष्ट ठरवली होती, कंपनीचं नाव मोठ्यानं घ्यायचं. सरकारी रेडिओवर नाव आलं की बाबांना मानावंच लागेल. तसंही वाळूजला आम्ही एकमेकींना ओळखतो ते कंपनीवरूनच. बसथांब्यावर आधी विचारतात "कुठं आहेस?", आपलं नाव नंतर.

स्टुडिओचं दार जाड होतं. ते लागलं आणि माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. कार्यक्रम करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तुमची ओळख सांगा." मी कंपनीचं नाव घेतलं. त्यांनी हात वर केला. "कंपनीचं नाव नको. पुन्हा घेऊ." दुसऱ्यांदाही तेच तोंडातून निघालं. तिसऱ्यांदा थांबले, घाबरले आणि परत तेच बोलले. काचेपलीकडं काकूंनी कपाळावर हात मारला.

"जाहिरात करायची तर तिची जागा वेगळी," मॅडम म्हणाल्या. "गप्पांमध्ये कोणत्याच कंपनीचं नाव घेत नाही आम्ही. हा सगळ्यांचा रेडिओ आहे."

मला रडू आलं. बाबांचं सगळं सांगून टाकलं. आता नियम मोडतील, असं वाटलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं. नियम काही मोडला नाही.

"नाव राहू द्या. हातानं काय करता ते सांगा, वडील समोर बसलेत असं समजून. आणि तुमच्या बोलीत बोला, पुस्तकातलं नको."

मग मी सांगितलं. बोर्डवर रेघा आखलेल्या असतात, त्यांवरून रंगीत वायरी टाकायच्या. गाडीच्या दिव्यापासून हॉर्नपर्यंत सगळं त्या वायरींवर चालतं. वायरीच्या टोकाची पिन खाचेत बसली की 'टक' वाजतं. शेड मोठी, मशिनी चालू, तरी तेवढा आवाज आम्हाला ऐकू येतो. सांगता सांगता मी भीती विसरले. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "व्हय गं, एवढं काम करतीस? मला वाटलं नुसती वायरीला टेप गुंडाळतीस."

आमच्या गावापर्यंत इथलं स्टेशन पोचत नाही. पण ते मोबाइलवरही लागतं, म्हणून भावाला वेळ कळवून ठेवली. त्यानं फोन बाबांच्या खाटेवर ठेवला. फोनवरचं काही बाबा मानत नाहीत, म्हणून माझा जीव टांगणीला. भाऊ सांगतो, बाबा आधी पाठ करूनच बसले होते. मग निवेदिकेनं केंद्राचं नाव सांगितलं, तसे वळले. म्हणाले, "हा तर रेडिओच आहे बे."

कार्यक्रम संपल्यावर माझा फोन वाजला. आईचा नंबर, आवाज बाबांचा.

"कंपनीचं नाव काहून नाही सांगितलं?"

मॅडमनी सांगितलेला नियम जसाच्या तसा सांगितला.

"बराबर आहे," बाबा म्हणाले. "सरकारी रेडिओ आहे, कोणाची दुकानदारी कायले करील?" पुढं विचारलं, "अन् तो टक आवाज नाही आला, तं?"

"तं पिन काढून पुन्हा बसवायची जी, बाबा."

"हं. घाई नको करू." मग म्हणाले, "जेवून राहिली ना बराबर?"

दारात काकू उभ्या होत्या. माझं बोलणं होईपर्यंत त्यांनी रेडिओचा आवाज बारीक करून ठेवला होता.