आकाशपाळण्याचा तराजू

रविवार, १८ फेब्रुवारी २००१. सकाळी वारा पश्चिमेचा, दुपारनंतर पडला. दूध नासलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बागेतला आकाशपाळणा उलटा घसरला आणि थांबला. अगदी वरच्या पाळण्यात दोघं पाऊण तास अडकून होती. इजा कोणाला नाही. एका बाईंची पर्स समुद्रात पडली. भाऊजी सात वाजता घरी आले. जेवले नाहीत.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. शाळेत सिस्टरनी आम्हाला रोजनिशी लिहायला लावली तेव्हा दोन नियम घालून दिले होते. शाईने लिहायचं, आणि घडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. इथेही शक्यतो तसंच लिहिते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहिले. किनाऱ्यावरच्या करमणुकीच्या बागेत बेचाळीस वर्षं आकाशपाळण्यावर माणसं बसवायचं काम केलं. बागेत त्यांना सगळे ‘तराजू’ म्हणत.

माणसं बसवायची यात काय मोठंसं, असं मलाही लग्नानंतर पहिली दोन वर्षं वाटत होतं. दार उघडायचं, माणूस आत घालायचा, कडी लावायची. पण त्या चाकाला सोळा पाळणे होते, एकेकात चार माणसं, आणि मोटर लहान नि जुनी. एका बाजूला भार जास्त झाला की चढताना मोटर कण्हायची आणि उतरताना ब्रेक घसरायचा. म्हणून एक नंबरचा पाळणा भरला की शेजारचा दोन नंबर भरायचा नाही. अर्धं चाक फिरवून समोरचा नऊ भरायचा. मग पाच, मग तेरा. आणि एकमध्ये जेवढा भार, साधारण तेवढाच नऊमध्ये. रांगेतल्या माणसांना काट्यावर उभं करायला वेळ नसतो, आणि चारचौघांसमोर काट्यावर चढणार कोण? तेव्हा सगळा अंदाज नजरेचा.

त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्याने त्यांना शिकवलं होतं, “तोंडाकडे बघू नकोस. कपडे आणि तोंड दोन्ही फसवतात. पायरीशी फळी आहे ना, तिच्यावर पाऊल कसं पडतं ते बघ.” ती फळी सागवानी, हातभर रुंद, मधोमध झिजून खोलगट झालेली. प्रत्येकाला तिच्यावर पाय देऊनच पाळण्यात चढावं लागे.

वजनाबद्दल ते कोणाला अवाक्षर बोलत नसत. अंगाने भरलेल्या बाई आल्या की म्हणायचे, “ताई, तुम्ही जरा थांबा. पुढच्या पाळण्यातून समुद्र छान दिसेल.” मी एकदा विचारलं, “समुद्र तर सगळ्यांतूनच दिसतो ना?”

“दिसतो हो वहिनी,” ते म्हणाले, “पण सांगायला काहीतरी लागतं.”

१९६१ साली ह्यांनी मला पहिल्यांदा त्यात बसवायला नेलं. भाऊजींनी मला पाचमध्ये बसवलं आणि ह्यांना तेरामध्ये. मी वर जायची तेव्हा हे खाली, हे वर तेव्हा मी खाली. उतरल्यावर हे म्हणाले, “अरे, निदान आज तरी एकत्र बसवायचं होतंस!” भाऊजी म्हणाले, “दादा, वहिनींच्या तोडीचं दुसरं कोणी रांगेत नव्हतं.” हे वाक्य ह्यांनी पुढे एकोणतीस वर्षं, मी काही जास्तीचं खाल्लं की, मला ऐकवलं.

तेव्हा बाग जोरात होती. हसरे आरसे, घोड्यांचं गोल चक्कर, उंचावरून थेट तळ्यात उतरणारी होडी, बँडवाल्यांचा चौथरा. सुट्टीच्या दिवशी आकाशपाळण्याची रांग फाटकाबाहेर बसथांब्यापर्यंत जायची. बसथांब्याचं नावही ‘पाळणा’ असंच पडलं, ते आजही आहे. दूरवरच्या बोटींवरचे लोक चाकाचे दिवे बघून किनारा ओळखतात, असं भाऊजी सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण ते सांगताना ताठ बसत.

उतार कधी लागला याची तारीख माझ्याकडे नाही. एकेक नोंद मात्र आहे. १९७९च्या वादळात होडीची घसरण वाहून गेली, ती पुन्हा बांधली नाही. ८४ साली घोड्यांचं चक्कर गंजलं म्हणून ताडपत्रीखाली गेलं. ८८ साली बँडवाले गेले आणि चौथऱ्यावर खुर्च्यांची रास आली. खाऱ्या हवेत रंग दोन वर्षंही टिकत नसे. आधी दर वर्षी देत, मग द्यायचा राहू लागला. गावात मोठी दुकानं झाली, त्यांत थंड हवा आणि खेळांची यंत्रं. मुलं तिकडे वळली.

माणसं कमी झाली तशी भाऊजींची अडचण वाढली. एका पाळण्यात चौघं आणि समोर कोणीच नाही, मग तोल साधायचा कसा? त्यांनी किनाऱ्यावरची वाळू पिशव्यांत भरून घेतली. समोरच्या पाळण्यात माणसांच्या जागी पिशव्या. ‘आज किती पिशव्या?’ हे मी रोज विचारून लिहीत असे. ९० साली सहा. ९५ साली वीस. ९९च्या जानेवारीतल्या एका बुधवारी माणसं अकरा, पिशव्या तीस.

डोळ्यांचं मला १९९८च्या मार्चमध्ये कळलं. ते पेपर समोर धरून बसले होते आणि मी म्हटलं, “अहो, कालचा आहे तो.” ते म्हणाले, “असू दे.” मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं थोडं राहील, चष्म्याचा उपयोग नाही. परतताना रिक्षात ते म्हणाले, “वहिनी, बागेत कळलं तर मला चाकावरून उतरवतील. मग मी दिवसभर काय करू? वरच्या खोलीत बसून भिंती बघू? त्याही दिसणार नाहीत.”

मी कोणाला सांगितलं नाही. घरी येऊन लिहिलं मात्र.

त्यानंतर तीन वर्षं ते काम करत राहिले, आणि चाक एकदाही घसरलं नाही. ते फळीच्या आवाजावर माणसं बसवत होते. हलकं पाऊल पडलं की फळी नुसती चुटकन वाजे, जड पाऊल पडलं की लांब करकरे. बघणं कधी सुटलं आणि ऐकणं कधी सुरू झालं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही.

फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात मॅनेजरांनी बाग जरा नीटनेटकी करायला घेतली. जुनी फळी काढून तिथे लोखंडी पत्रा ठोकला. भाऊजींना ते शनिवारी संध्याकाळी कळलं. फळी परत द्या म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्यांनी ती मागितली नाही. रविवारी पत्र्यावरून माणसं चढली, आणि सगळ्यांचा आवाज एकच. मग ते बोलण्यावरून अंदाज बांधू लागले. एक जाडजूड गृहस्थ आले, त्यांचा आवाज अगदी बारीक. बरोबर तसेच तीन भाऊ. ते चौघे पाचमध्ये बसले आणि समोर तेरामध्ये दोनच पिशव्या.

ब्रेक घसरला म्हणजे ब्रेकवाल्याची चूक, असं मॅनेजरांनी धरलं. ब्रेक बघायचे ते मिस्त्री, भाऊजींचे तीस वर्षांचे सोबती. गुरुवारी चौकशी ठरली. बुधवारी मिस्त्री आमच्याकडे चहाला आले. भाऊजींशी त्यांचं कधी सरळ बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

“काय तराजू, हल्ली चार माणसांना दोन पिशव्या पुरतात वाटतं?”

“तुझ्या ब्रेकला तेल पुरतं तसं.”

“ब्रेकला तेल घालत नाहीत, गाढवा. बेचाळीस वर्षांत एवढंही शिकला नाहीस.” मग मिस्त्रींनी कप खाली ठेवला. “माझा ब्रेक ठीक होता रे. शनिवारीच बघितला होता. उद्या मला काढतील. वहिनी, साखर कमी आहे.”

मी साखर आणून दिली.

गुरुवारी मी बरोबर गेले, कारण रोजच्या वेळेची नसलेली परतीची बस त्यांना ओळखता आली नसती. मॅनेजरांच्या खोलीत टेबलावर टाइप केलेला कागद होता. मिस्त्री भिंतीशी उभे होते. मॅनेजर म्हणाले, “तुम्ही रीतीप्रमाणे माणसं बसवली, ब्रेक घसरला, एवढंच आहे. वाचून सही करा.”

भाऊजींनी कागद घेतला. थोडा वेळ हातात धरला. मग माझ्यापुढे केला.

“वहिनी, तुम्ही वाचा.”

“अहो, सही तुमची आहे,” मॅनेजर म्हणाले.

“मला दिसत नाही. तीन वर्षं झाली.”

“मग माणसं कशी बसवत होतात?”

“फळीच्या आवाजावर.”

“फळी तर आपण काढली.”

“हो ना. म्हणूनच.”

मिस्त्री भिंतीपासून पुढे आले आणि म्हणाले, “अरे मूर्खा, मला तरी सांगायचं होतंस. फळी परत ठोकून दिली असती.”

मिस्त्रींची नोकरी राहिली. भाऊजींना त्याच दिवशी घरी पाठवलं. त्यांच्या जागी दोघांना आठवडाभर शिकवून बघितलं, पण मोटर तापायची. शेवटी चाक उभंच ठेवलं. चाक थांबलं म्हणून बाग बुडाली असं मी म्हणणार नाही, ती आधीच बुडत होती. पण लांबून चाक फिरताना दिसलं नाही की लोक बाग बंद समजून बसथांब्यावरूनच परत फिरत. २००३च्या मे महिन्यात फाटकाला कुलूप लागलं.

मंगळवार, ९ डिसेंबर २००३. सकाळी साडेनऊला मिस्त्री धापा टाकत आले. चाक मोडायला आणलेल्या ठेकेदाराने एक आणि दोन नंबरचे पाळणे लागोपाठ उतरवले होते, आणि चाक हातभर सरकलं होतं. मिस्त्रींनी साखळी लावून ते अडवलं होतं.

“तराजूला घेऊन चला,” ते म्हणाले. “ऊठ रे. भिंती नंतर बघ.”

भाऊजींना क्रेनजवळ खुर्ची दिली. ठेकेदार म्हणाला, “ज्यांना दिसत नाही ते आम्हाला सांगणार?”

“दिसत होतं तेव्हाही हा चाकाकडे बघत नव्हता,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही ऐका.”

भाऊजी म्हणाले, “नऊ. मग दहा.” ते उतरल्यावर म्हणाले, “पाच. मग तेरा. सहाला हात लावू नका. त्याचा तळ पंच्याऐंशीत लोखंडाचा केलाय, जड आहे. चौदात आधी दोन पिशव्या टाका.” पिशव्या तिथेच होत्या, शेडच्या मागे. एक फाटली होती, ती मिस्त्रींनी बांधली. दुपारी एकला थोडं थांबलो, मी डबा नेला होता. पावणेचारला सोळावा पाळणा खाली आला. चाक जागचं हललं नाही.

“झालं?” भाऊजींनी विचारलं.

“झालं. आता नुसतं कडं उरलंय.”

“मग ते कसंही काढा,” ते म्हणाले आणि उठले.

मिस्त्रींनी जुनी फळी कोठारात ठेवलेली होती. ती खांद्यावर टाकून ते आमच्याबरोबर घरापर्यंत आले. चहा घेतला, साखर पुरेशी होती म्हणाले.

त्या संध्याकाळची शेवटची ओळ: फळी मागच्या दाराच्या पायरीवर टाकली. दोन बोटं लांब आहे, उद्या सुताराला बोलवायचं.